बुलनाराचे रडके नळ

३ फेब्रुवारी

आले एकदाची बुलनाराला! अ‍ॅडलेड सोडल्यापासून दोन्ही बाजूंना गव्हाची कापलेली रानं आणि मधून सरळसोट रस्ता, तरी मन कसं हलकं होतं. हॉस्पिटलच्या मागचं छोटं घर मला दिलंय. अंगणात लिंबाचं झाड आहे, त्याखाली तीन-चार रिकाम्या बादल्या. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात इतकी वर्षं दहा साहेबांच्या हाताखाली पाइप जोडले. इथे टाकी, बॉयलर, नळ, सगळं माझ्या एकटीच्या हाती.

डॉट व्हीटली, म्हणजे इथली मुख्य नर्स, घरी केलेले लॅमिंग्टन केक घेऊन आली. म्हणाली, प्लंबर म्हटल्यावर कुणी ढेरपोट्या बुवा येईल असं वाटलं होतं, ही तर काडी निघाली. खा बाई, नाहीतर उत्तरेचा वारा सुटला की उडून जाशील. मला ती बघताक्षणी आवडली.

५ फेब्रुवारी

सगळं हिंडून पाहिलं. एक चालता वॉर्ड, आणि त्याला चिकटून बंद पडलेली प्रसूती विंग. बायका आता बाळंतपणाला शहरात जातात, म्हणून तिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही. खाटा गेल्या, न्हाणीघरं मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांचे पाइप वॉर्डाच्याच पाइपला जोडलेले. त्यात भर म्हणजे गॅस वाचावा म्हणून बॉयलर मंद ठेवलाय. साचलेलं, कोमट पाणी! लिजनेला नावाच्या जंतूला याहून चांगलं माहेर सापडणार नाही. हे पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. पण शॉवरच्या तुषारांतून तो जंतू छातीत उतरला, की म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियाने घेऊनच जातो.

उपाय अवघड नाही. पाणी चांगलं कढत ठेवायचं, न वापरलेले नळ दर आठवड्याला वाहू द्यायचे, आणि नको असलेले पाइप शेवटी कापून टाकायचे.

विंगेच्या भिंतीला लागून अल्बी ट्रेझाइजची खोली आहे. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली आणि तेवढ्याच विड्या ओढल्या, आता फुप्फुसांची चाळण झालीय. वृद्धाश्रमात जागा होईपर्यंत मुक्काम इथेच. मला म्हणाला, "पोरी, माझ्या शॉवरला हात लावशील तर बघ! दिवसभरात तेवढंच एक सुख उरलंय." त्याला सांगितलं, तुझ्या शॉवरसाठीच तर आलेय मी.

९ फेब्रुवारी

आज विंगेतले नळ सोडले. तोंडाला मास्क, तुषार उडू नयेत म्हणून शॉवरच्या तोंडाला पिशवी बांधून तिचं टोक मोरीत सोडलेलं, दारं बंद. सगळं पुस्तकात असतं तसं. बॉयलर बघून परत आले तर विंग चिडीचूप, एकूण एक नळ बंद. पुन्हा सोडले. पाठ वळली आणि पुन्हा बंद. माणूस दिसेना, पाऊल वाजेना. तेवढ्यात वॉर्डातून कुणीतरी ओरडलं, "कोण रडतंय?" बाळं जन्मायची थांबलेल्या त्या विंगेत उभ्या उभ्या माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

डॉटला सांगितलं तर ती पोट धरून हसली. इथे वाहत्या नळाला रडका नळ म्हणतात. दुष्काळात या लोकांनी टँकरच्या पाण्यावर वर्षं काढलीत. तेव्हापासून पाण्याचा आवाज आला की "कोण रडतंय?" म्हणून विचारायचं, आणि जो जवळ असेल त्याने जाऊन नळाला गप्प करायचं. मग मीही हसले. गोड शब्द आहे.

१३ फेब्रुवारी

गोड कसला डोंबलाचा! वॉर्डात सगळ्यांना गोळा करून समजावलं की नळ वाहायला हवेत, नाहीतर माणसं मरतील. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जाता जाता बंद केले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. नळांच्या मुठी काढून घेतल्या, तर कुणीतरी बोळातला मुख्य कॉक फिरवला. चोर पकडायला निघाले तर चोर कुणी लपतच नव्हता. स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, मीच केला गं, ट्रे नेताना. रुग्णांना भेटायला आलेले पाद्री म्हणाले, परवा मी केला होता, आभार कसले मानतेस. भुताला निदान घालवता येतं, या भल्या माणसांचं काय करू? शेवटी कॉकला कुलूप ठोकलं.

डॉटने तडजोड सुचवली, की खाली बादल्या लाव, पाणी लिंबाला घालू. बादलीत पाणी आपटलं की तुषार आणखी उडतात, म्हणून मी नाही म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

१९ फेब्रुवारी

पाण्याच्या नमुन्यांचा निकाल आला. विंगेत लिजनेला खच्चून भरलाय, अल्बीच्या शॉवरमध्येही थोडा आहे. व्यवस्थापक रॉस पेडलर तीन तासांवरच्या गावी बसतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. फोनवर म्हणाला, रिकाम्या विंगेत आंघोळ कोण करतंय? मी म्हटलं, अल्बीच्या पाण्यातही आहे. तर म्हणे, थोडाच ना? पाइप कापायचे तर समितीला विचारायला हवं, आणि समिती बसणार पुढच्या महिन्यात. मी फोन आपटला. बॉयलर कुणाला न विचारता मीच वाढवला.

अल्बीचा शॉवर बंद केला, त्याच्या तोंडाला लावायची जंतू अडवणारी गाळणी येईपर्यंत. तो भडकला. "मेंढी मरून पडलेल्या तळ्यातलं पाणी अंगावर घेतलंय मी! मेलो का?" मग भिंतीकडे तोंड करून झोपला. मला खूप वाईट वाटलं, पण करणार काय.

२१ फेब्रुवारी

आज नळांना मुठी नाहीत, कॉकला कुलूप. बंद करून दाखवा म्हटलं! वॉर्डात चहा घेत होते. विंगेतल्या पाण्याचा आवाज बदलल्यासारखा वाटला. डोक्यात तिडीक गेली आणि तशीच धावले. मास्क चहाच्या कपाजवळ राहिला.

शॉवरची पिशवी कुणीतरी सोडून नीट घडी घालून ठेवलेली. न्हाणीघर वाफेने भरलेलं, आणि वाफेत स्टुलावर अल्बी. उघडा, केसांना साबण लावलेला, गाणं गुणगुणत. म्हणाला, "बंद तर होत नाही, मग कुणाच्या तरी कामी येऊ दे की." त्याला ओढत बाहेर काढलं, मग आत जाऊन पिशवी बांधली. रागाने रडत होते. तोंडाने धापा टाकत होते.

२५ फेब्रुवारी

अल्बीला सणकून ताप. डॉक्टरांना सांगितलं, लिजनेला धरूनच औषध चालू करा. त्यांनी ऐकलं, लगेच केलं. कुणी एकाने तरी ऐकलं! रॉसचा फोन आला, पाइप काप म्हणाला. आता सुचलं. डॉट औषधांच्या कपाटाआड उभी राहून रडली. मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण तिला वाटलं मी तिच्यावर रागावलेय. होतेच.

२७ फेब्रुवारी

खोकला. धुळीचा असेल. पाइप कापायला घेतला आणि हातातून पाना दोनदा गळून पडला. डोकं फुटतंय. उद्या कापीन.

२८ फेब्रुवारी

उद्या नाहीच. मला खाटेवर घातलंय. अल्बीच्या समोरची खोली. नाकात ऑक्सिजनची नळी, घशातून आवाज निघत नाही. हे एकापासून दुसऱ्याला होत नाही, म्हणून दोघांचीही दारं उघडी. पाइप तसाच आहे. शहरातून दुसरा प्लंबर येणार म्हणे. कधी?

४ मार्च

अल्बीचा ताप उतरला! समोरून हात हलवून मला वेडावून दाखवलं. थेरडा. डॉक्टर म्हणाले, वाचला, पण पुन्हा एकदा छातीत गेलं तर ही फुप्फुसं टिकणार नाहीत. त्याचा शॉवर बंदच ठेवा म्हणून डॉटला लिहून— लिहिलं का? की स्वप्नात? ताप. अक्षर हलतंय.

डॉट म्हणाली, तुझं ऐकलं नाही आम्ही. आता बघ, सगळं तू सांगितलंस तसं करते.

५ मार्च

आवाज. पाणी. चहूकडून.

डॉट आली. गाल ओले, चेहरा उजळलेला. मुठी परत बसवून सगळे नळ सोडलेत म्हणाली, विंगेतले, वॉर्डातले, गरम, पुरे उघडून. गावातली माणसं बोलावलीत. प्रत्येक नळाशी एकजण पहाऱ्याला, कुणी बंद करू नये म्हणून. अल्बीचा शॉवरसुद्धा चालू केलाय. "तुला ऐकू यावं म्हणून दारं सताड उघडी ठेवलीत गं."

पिशव्या? मास्क? बोलता येत नाही. मान जोरात हलवली. तिला वाटलं आनंदाने— कपाळावर हात फिरवून गेली—

वाफ. त्याच्या न्हाणीघरातून बाहेर. छतालगत, मग खाली. खाटेपर्यंत. तो झोपलाय. तोंड उघडं—

घंटा दाबली. पुन्हा. या आवाजात कुणाला ऐकू— त्याच्या शॉवरशी पाद्री उभे आहेत. माझ्याकडे बघून हसतात. मी हात हलवते, बंद करा, बंद— ते हात हलवतात—

इतक्या चांगल्या माणसांनो—

नळी काढली. श्वास— भिंत धरून जाते. वही हातात, पाद्रींना दाखवेन, मोठ्या अक्षरात—

आधी न्हाणीघराचं दार लावा. मग तो शॉवर बंद क