चेअरमनचं फॅट

हातकणंगले, ऑगस्ट २००४

प्रिय सुष्मिता,

कोल्हापूरच्या शाहूपुरीहून हातकणंगले म्हणजे काही लंडन नव्हे. तरी चार दिवाळ्या तू आली नाहीस, आणि अप्पांशी तुझा अबोला आहे तो आहेच. असो, रागवायला आज बसले नाही. तुझ्या अप्पांची एक मजा सांगायचीय.

गेल्या वर्षीची आपल्या दूध संस्थेची वार्षिक सभा. तिची रीत तुला ठाऊकच आहे. अप्पा चेअरमन म्हणून विषय वाचतात, पुढं बसलेली त्यांची माणसं वाचून संपायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात आणि सगळे जेवायला पळतात. त्या दिवशी चेअरमनच्या मानधनाचा विषय निघाला आणि मागून बायडाबाई उठली. दोन म्हशींवर संसार ओढलेली बाई ती, कुणाच्या बापाला भिते? म्हणाली, “आमच्या दुधाला फॅट बघून दर देता न्हवं? मग चेअरमनलाबी फॅट लावा की! दूध नासून डेरीतनं परत आलं, न्हायतर आमचं बिल लांबलं, की त्या म्हयन्याचं मानधन बंद. आमदारांनाबी आसंच लावाय पायजे!” तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच पुढच्या माणसांनी सवयीनं आरोळी ठोकली, “मंजूर, मंजूर!” आपण कशाला मंजूर म्हणालो हे त्यांना कळेपर्यंत बायकांनी टाळ्या पिटल्या आणि सचिवानं ठराव लिहूनही टाकला.

अप्पा धुमसतच घरी आले. पहिल्याच महिन्यात दूध नासलं, मानधन बुडालं. मला हसू आवरेना, तर ताटावरून उठले. पण माणूस मानी गं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे संकलनावर हजर! तिथं त्यांनी पाहिलं, टेम्पो रोज उशिरा येतो आणि भरलेले कॅन तोवर उन्हात तापत पडतात. इतकी वर्षं चेअरमन, पण सकाळचं संकलन कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. टेम्पोवाला बदलला, कॅनसाठी पत्र्याची शेड मारली. यंदाच्या उन्हाळ्यात एकदाही दूध परत आलं नाही. आता बायडाबाईच त्यांना चहा पाजते आणि “चेअरमन फुल फॅटचं झालं” म्हणून चिडवते. ते लटके रागावतात. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटतो, सांगूनच टाकते.

पण पोरी, बायडाबाईच्या आधी हेच तू म्हणाली होतीस. चार वर्षांपूर्वी, अशाच वार्षिक सभेत उभी राहून. तेव्हा कुणी मंजूर म्हटलं नाही. “तू सभासद न्हाईस, खाली बस,” असं अप्पांनी सगळ्यांदेखत सुनावलं, आणि तू बसायच्याऐवजी बॅग भरलीस. त्या दिवसापासून घरात तुझं नाव निघालं की ते गोठ्यात जाऊन बसायचे. मी दोघांच्या मध्ये किती झुरले, ते माझं मला माहीत.

येत्या रविवारी सभा आहे. हा ठराव संस्थेच्या नियमांत घालून कायमचा करायचा अप्पांच्या मनात आहे, आणि ठरावाला सूचक लागतो. ते म्हणतात, जिनं पहिल्यांदा मांडलं तिचंच नाव. त्यासाठी तुझ्या नावानं शेअर घेतलाय, आणि वर्षभर आपल्या मुऱ्हा म्हशीचं दूध ते तुझ्याच नावावर घालतायत. तू सभासद आहेस आता, तुला खाली बस म्हणायची कुणाची टाप नाही. पत्र स्वतःच लिहायला बसले होते, पण ‘प्रिय’च्या पुढं हात चालेना, म्हणून मला बसवलंय. रविवारी ये आणि उभी राहा. तुझ्या नावाखाली अनुमोदक म्हणून त्यांनी आत्ताच सही करून ठेवलीय.

वाट बघणारी,
तुझीच आई