जुनी पेडलं पाठवणार नाही

सापगाव, बुधवार

प्रिय हरेश,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. मी इतकी चिडले आहे की सकाळपासून दोन वस्तू आपटून झाल्या, एक बादली आणि एक पिकअपचं दार. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "हो गं ताई, कळलं गं ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे, आणि तुला हे शेवटपर्यंत वाचावं लागेल. उद्या नाक्यावरचा अनिल टोमॅटो आणायला माळशेजवरून नारायणगावला जातोय, तिथून पुढे त्याला पुण्यात काम आहे. त्याच्या हाती आपली जुनी पेडलं पाठव, असा तुझा निरोप आहे. पेडलं येणार नाहीत. हे पत्र येईल.

तुझा निरोप मी चार वेळा ऐकला. "इथली नवी पेडलं माझ्या पायाला बसतच नाय ताई. आपली जुनी पाठव, रबर लावलेली, नायतर रविवारची फायनल गेली." अरे, वर्षभर तू काय बोलत होतास ते आठवतं का? कॉम्प्युटरवर गाडी पळवताना प्रत्येक वळणात बाहेर जायचास आणि खापर पेडलांवर फोडायचास. चांगली पेडलं असती तर मी कुठच्या कुठे असतो, हे तुझं पालुपद. आता पुण्याच्या शिबिरात तुम्हा आठजणांना एकाहून एक भारी पेडलं दिली आहेत, किती सरकलं ते नाही, तर पायाचा दाब किती ते मोजणारी. रविवारी जो जिंकेल त्याला वर्षभर खऱ्या रेसच्या गाडीत बसवणार आहेत. आणि तू, ज्या वेळेच्या जोरावर तुझी निवड झाली, तिच्यापेक्षा दोन सेकंदांनी मागे आहेस. दोन सेकंद म्हणजे किती, ते तुला मी सांगायला नको. तर आता दोष नव्या पेडलांचा. जुनी होती तेव्हा जुन्यांचा होता.

त्या रबराची गोष्ट तू तिथे काय सांगत असशील कोण जाणे, म्हणून खरी इथे लिहून ठेवते. पडवीत भाताच्या कणगीशेजारी आपला सगळा थाट. बाबांच्या मोडीत निघालेल्या जीपची सीट, खाली फळ्या, कुणीतरी वापरून टाकलेलं स्टिअरिंग आणि ती प्लॅस्टिकची पेडलं. ब्रेक इतका मऊ की पाय ठेवला की थेट तळाला. आपण किती दाबलं हे पायाला कळायचंच नाही. मुरबाडच्या भातगिरणीत सुनिलमामांकडे मशीनचा झिजलेला रबरी रोल पडला होता, त्याचा तुकडा मी मागून आणला. करवतीच्या पात्यानं कापायला मला अख्खी दुपार लागली, बोटाला अजून खूण आहे. तो ब्रेकच्या स्प्रिंगमागे बसवला तेव्हा कुठे ब्रेक खऱ्या गाडीसारखा लागायला लागला. आणि तू काय म्हणालास? "ही काय भाताची गिरणी केलीस का?" पाय दुखतो म्हणून काढून फेकलास. मला तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडला. मी परत बसवला, तू परत काढलास. असं तीनदा झालं. आणि आज तुला रबर लावलेली हवी आहेत!

चांगल्या पेडलानं माणूस वेगवान होतो का, हा वाद तू माझ्याशी शंभरदा घातलास, आणि मी तोंड उघडलं की "तुला काय कळतं त्यातलं" म्हणून मिटवलास. मला काय कळतं ते आता ऐक. रबर बसवायच्या आधी माझ्या दहा फेऱ्या दहा तऱ्हेच्या यायच्या, चांगली आणि वाईट यांत दोन दोन सेकंदांचं अंतर. रबर बसवल्यावर दहाच्या दहा अर्ध्या सेकंदाच्या फरकात यायला लागल्या. पण सगळ्यात चांगली फेरी जवळजवळ होती तीच राहिली. म्हणजे रबरानं मला वेग दिला नाही. माझा पाय काय करतोय ते मला कळायला लागलं, चुकले तर कुठे चुकले ते कळायला लागलं, एवढंच. पुढचं काम पायालाच करावं लागलं. तुझ्या फेऱ्या मात्र रबर असो वा नसो, तशाच. कारण तू ब्रेकवर लाथ मारतोस आणि वळणात शिरताना एकदम सोडून देतोस. तो दाबायचा असतो एका झटक्यात आणि सोडायचा असतो हळूहळू, वळता वळता. हे मी तुला सांगितलंय, दाखवलंय, तुझ्या पायावर माझा पाय ठेवूनसुद्धा दाखवलंय. भारी पेडल तुझी लाथ जास्त अचूक मोजतं. त्याहून जास्त ते काही करू शकत नाही.

मला हे कुठे शाळेत शिकवलं नाही. बाबांचा गुडघा गेल्यापासून सहा वर्षं पिकअप मी चालवते. पहिल्या वर्षी बाबा शेजारी बसायचे. माळशेजचा उतार, मागे टोमॅटोचे क्रेट. ब्रेक चुकला की क्रेट सरकून केबिनवर आदळायचे. बाबा ओरडायचे नाहीत, ब्रेक जाणवला की बाहेर बघत नुसतं म्हणायचे, "लागला." एका उतारात पंधरा-वीस वेळा ‘लागला’ ऐकून मला रडू यायचं. मुरबाडच्या बाजारात पोचेपर्यंत वरच्या थराचा चिखल झालेला असायचा आणि व्यापारी तोंड वाकडं करायचा. अख्खा हंगाम तसा गेला. मग एक दिवस टोकावडं आलं तरी बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं झोप लागली. बघते तर टक्क जागे. ते तुलाही बोलवायचे, आठवतं? "मी काय टोमॅटो वाहू?" असं म्हणून तू पडवीत जाऊन बसायचास, रेसिंग शिकायला.

आता मे महिन्यातल्या त्या दिवसाकडे येते. शिबिराच्या निवडीसाठी वेळ नोंदवायची मुदत संध्याकाळी सहाला संपणार होती आणि मुरबाडला तुझ्या मित्राची हळद होती. आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तरी चालतं, हळद चुकवली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, हे मला मान्य आहे. चार दिवस धडपडून तू साठाव्या नंबराच्याही खाली होतास, म्हणून तुला जायला काही वाटलंही नाही. नवा कुर्ता घालून निघताना म्हणालास, "ताई, चालूच हाय, बंद नको करू. तू बस जरा." मी भांडी घासली आणि बसले. लाईट दोनदा गेली. अकराव्या फेरीत मी एकाही वळणात बाहेर गेले नाही. मागे बाबा कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. फेरी संपल्यावर म्हणाले, "आता नाय लागला." पडद्यावर पाचवा नंबर होता आणि नाव तुझं होतं. तू हळदीनं पिवळा होऊन आलास, ते पाहिलंस आणि मला उचलून अंगणभर फिरवलंस. मीही हसत होते. मला वाटलं, उद्या तू त्यांना कळवशील. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "कुणाला बोलू नको हां ताई, आधार कार्ड माझा लावलाय."

मग नाक्यावर बॅनर लागला. ‘सापगावची शान, वेगाचा वाघ हरेश.’ तुझा गॉगल घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत वीस तोंडं. त्यात माझंही आहे, डावीकडून सहावं! माझ्याच फेरीबद्दल मी तुला शुभेच्छा देते आहे. अनिल वर चढला होता तेव्हा त्या बॅनरचा बांबू खालून मी धरला होता, हेही लिहून ठेवते. त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबलीसुद्धा नाही. "जाव दे गो. पोराचा नाव झाला ना, म्हंजे घराचाच झाला. तुला काय करायचा हाय नाव?" बाबा तिथेच बसले होते. त्यांनी पाहिलं होतं सगळं, त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते तंबाखू मळत राहिले. त्या माणसाचा मला तुझ्याइतकाच राग आला आहे. आज सकाळपर्यंत मी त्यांना जेवायला वाढत होते पण बोलत नव्हते.

मला माझा स्वतःचाही राग आला आहे, कारण सोमवारी मी काय केलं ते तुला माहीत नाही. तुझ्या अर्जावर घरचा नंबर म्हणून माझा नंबर आहे. तुमच्या शिबिराच्या छाया मॅडमचा फोन आला. बाई शांतपणे बोलतात, ओरडणाऱ्यांपेक्षा अशांची भीती वाटते. म्हणाल्या, मेमधल्या फेरीत ब्रेक कसा दाबला, त्याची कॉम्प्युटरवरची रेघ त्यांच्याकडे आहे. ती सरळ चढते आणि सावकाश उतरते. शिबिरातली तुझी रेघ करवतीच्या दात्यांसारखी आहे. "हा एकाच माणसाचा पाय आहे का? घरात अजून कोण चालवतं?" माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पेडलं बदललीत ना मॅडम, म्हणून असेल." तुझी सबब, तुझ्याआधी मी दिली. त्यावर त्या म्हणाल्या, मग त्याला जुनी मागवायला सांगते, शुक्रवारी मी त्याला त्यांच्यावर माझ्यासमोर बसवते. म्हणून तू मंगळवारी घाबरून निरोप पाठवलास. तू समजतोस पेडलं आली की सुटलास. हरेश, त्या पेडलांवर तू वर्षभर बसलास आणि साठावासुद्धा आला नाहीस. शुक्रवारी ती तुला कशी वाचवतील?

आणि समज वाचवलं. समज त्यांना काही कळलं नाही, आणि रविवारी नशिबानं तू जिंकलास. मग खऱ्या गाडीत बसशील. पडवीत वळण चुकलं की तू पाणी प्यायला उठायचास. तिथे चुकलास तर भिंत आहे. दोन रात्री मी याच विचारानं तळमळते आहे आणि याच विचारानं मला तुझा आणखी संताप येतो, की इतकं सगळं करून वर तुझी काळजीही मीच करायची. तू चार वर्षांचा असताना तानशाच्या पाण्यात गेला होतास, तेव्हा केस धरून बाहेर ओढलं होतं मी तुला. तेव्हाही आधी थोबाडीत मारली होती आणि मग रडले होते. आत्ता तू समोर नाहीस म्हणून वाचलास.

आता हे का लिहिलं ते सांगते. आज सकाळी मी छाया मॅडमना फोन केला आणि सोमवारी खोटं बोलले म्हणून माफी मागितली. ती फेरी कुणाची हे मी सांगितलं नाही. म्हटलं, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत थांबा, माझा भाऊ स्वतः येऊन सांगेल. त्या म्हणाल्या, "तुझा पाय घेऊन तूही ये." म्हणजे त्यांना कळलं आहे. त्या मला तिथल्या नव्या पेडलांवर बसवणार आहेत, ज्यांना मी कधी पाय लावलेला नाही. कदाचित मलाही ती वेळ येणार नाही. कदाचित नियम आडवे येतील आणि आपण दोघंही परत येऊ, नाक्यावरून मान खाली घालून. चालेल मला. दुपारी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "गाडी मी काढतो," आणि त्या गुडघ्यानं ते शुक्रवारी मला पुण्याला घेऊन येणार आहेत. तर गुरुवारी हे पत्र वाच आणि बाराच्या आत त्या बाईंसमोर उभा राहून आपल्या तोंडानं सांग. मी दारात आल्यावर सांगितलंस तर ते पकडलं जाणं होईल, आणि पकडला गेलेला भाऊ मला नको आहे. तुझा जीव, घराची अब्रू, खरं-खोटं, हे सगळं मी वर लिहिलं आणि ते खरंच आहे. पण त्याच्या खाली एक आहे जे मी आईलाही सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. ती रविवारची जागा मला हवी आहे, हरेश. तुझ्याहून जास्त हवी आहे.

अजून राग न उतरलेली,
तुझीच ताई,
हर्षाली