डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

आज अपंगत्वाच्या दाखल्याची फेरतपासणी झाली. पाय आता उचलतच नाही. टक्के वाढले तरच पेन्शन मिळणार होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं काय आजोबा?" तोंडातून निघून गेलं, "बरंय." त्यांनी तेच लिहिलं. टक्के जुनेच राहिले.

रिक्षात सून म्हणाली, "बरंय म्हणायला सोयरीक जमवायला गेला होतात का, आबा?"

का म्हणालो बरंय? पण परक्या बाईसमोर रडगाणं गायचं तरी कसं?

आता पुन्हा अर्ज. काय काय जमत नाही, ते सगळं लिहायचं. संडासला सून धरून नेते, हेसुद्धा? मी म्हटलं, "तेवढं सोडून लिही." ती म्हणाली, "तेच तर लिहायचंय, आबा."

तिने लिहिलंय. सही माझी राहिलीय.