खरखर कुठून येतेय

आई, गेले सात महिने मी मिक्सर शोधत होते. चटणीचा नव्हे. शेजारच्या काकूंनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून "नारळ नीट वाटला जातो का ते बघून घे, जार स्टीलचेच बघ" असं बजावलं आणि मी मान डोलावली, कारण आठव्या मजल्यापर्यंत खरं काय ते समजावणं जिवावर आलं होतं. तुला सांगते. माझ्याकडे दोन सिंथ आहेत, म्हणजे विजेवर नवनवे आवाज घडवणारे कीबोर्ड, एक ड्रम मशीन आहे आणि एक जुना सॅम्पलर, म्हणजे कुठलाही आवाज पकडून ठेवायचा आणि हवा तेव्हा बोटाने वाजवायचा असा डबा. ह्या चौघांचे आवाज एकत्र करायचे, कमीजास्त करायचे आणि वाजवता वाजवता रेकॉर्डही करायचे, एवढ्यासाठी टेबलावर मावेल असं लहानसं डिजिटल यंत्र हवं होतं. पंधरा दिवसांनी नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच लोकांसमोर अर्धा तास वाजवणार आहे, ह्या वयात, तीसेक लोकांपुढे. आणि त्याआधी मला कळायला हवं की माझ्या कानांवर विश्वास ठेवायचा की नाही. मिक्सरचं घोडं तिथेच अडलं होतं.

पहिलं यंत्र मी घाईत घेतलं. सहा चॅनेल, म्हणजे वायरी खुपसायच्या सहा जागा, चार वाद्यं, दोन उरतातच, असं मनाशी धरलं. घरी आणल्यावर कळलं की एकेक सिंथ डावा-उजवा मिळून दोन वायरी घेतो आणि दोन चॅनेल खातो. ड्रम मशीनही दोन खातं. सहा तिथेच संपले आणि मी सॅम्पलर हातात धरून उभी. शिवाय ते यंत्र सगळं कालवून एकच रेकॉर्डिंग देणारं. ड्रम मोठा झाला तर झाला, नंतर कमी करायची सोय नाही. तरीही मी ते ठेवलं असतं, निदान त्या धाकाने काहीतरी पूर्ण होईल म्हणून. पण हेडफोन लावला की डाव्या कानात खरखर. परत केलं. दुसरं आठ चॅनेलचं घेतलं, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर ठेवणारं, बॅटरीवरही चालणारं. त्यातही डावीकडे खरखर. वायरी बदलल्या, हेडफोन बदलला, फ्रिज बंद करून पाहिला, दूध नासलं, शेवटी बिल्डरच्या वायरिंगला शिव्या घातल्या. दुकानदाराने, माझ्याच वयाच्या शांत माणसाने, स्वतः हेडफोन लावून बघितला. "मॅडम, मला तर काय येत नाहीये. एकदम क्लीन पीस आहे." "येतेय," मी म्हटलं, "बारीक आहे, पण आहे." बोलले आणि कळलं, ते वाक्य माझं नव्हतं.

ते तुझं होतं. वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत रेडिओचा आवाज लहानमोठा करायचे कंट्रोल बनायचे आणि तू तपासणीच्या टेबलावर बसायचीस. किसननगरच्या आपल्या खोलीतून चालत दहा मिनिटं. तू डबा विसरलीस म्हणून मी एकदा तो घेऊन आत आलेले. एका कानाचा हेडफोन तुझ्या डाव्या कानाला. तू एकेक कंट्रोल, तुमच्या भाषेत तुकडा, खाचेत बसवतेस, त्याचा दांडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतेस, मान जराशी डावीकडे कलते. खरखर आली तर तुकडा रिजेक्टच्या क्रेटमध्ये. नाही आली तर त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. त्या ठिपक्यांमुळे तुझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम लाल असायचं. नळावरच्या बायका विचारायच्या, एकाच बोटाला काय गं लावतेस, आणि तू म्हणायचीस, "बाकीची नऊ रिजेक्ट झाली." मला तुझा फार अभिमान वाटायचा. घरातही तू सगळं तसंच तपासायचीस, पंख्याचा रेग्युलेटर, शेजाऱ्यांचा टेप, आणि लोक तुझं ऐकायचे.

मी तेरा वर्षांची असताना तू मला तो छोटा कीबोर्ड आणलास. कुणीतरी टाकून दिलेला, वरच्या तीन पट्ट्या मुक्या. तू तो उघडलास, आतून पुसलास, नवे सेल घातलेस. महिनाभर खपून मी एक धून बसवली, माझी स्वतःची. रविवारची सकाळ आहे, तू जमिनीवर बसून मेथी निवडते आहेस आणि मी वाजवून दाखवते आहे. तू हात थांबवतेस, डोळे मिटतेस, मान डावीकडे कलते. धून संपते. मी वाट बघते. "खरखर येतेय गं," तू म्हणतेस. "कुठे?" "आहे. बारीक आहे, पण आहे." मी पुन्हा वाजवली. तू पुन्हा तेच म्हणालीस आणि मेथीकडे वळलीस. कीबोर्ड तर तू स्वतः तपासून दिला होतास, म्हणजे खरखर माझ्या बोटांत असणार, असं मी ठरवून टाकलं. कीबोर्ड पलंगाखाली ढकलला. पोरगी वाजवत का नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस. त्याचा मला राग आला होता, आई, आणि तो मी जपून ठेवला. पुढची पंचवीस वर्षं मी कुठल्याही वाद्याला हात लावला नाही. तू गेलीस तेव्हा सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि त्यातही तो राग होता.

ह्या नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत तुझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण भेटली. मी जिला मावशी म्हणायचे ती. आता काठी आली आहे, पण आवाज तसाच, चार माणसं वळून बघतील असा. रांग सरकेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला मिक्सरची रडकथा ऐकवली. तिने माझा दंड धरला. "कुठल्या कानात?" "डाव्या." "अगं आई गं. तिच्या पण डाव्यातच होती. सारखी चालू. तुला नाय माहीत?" मला माहीत नव्हतं. "तू आठवीत-बिठवीत असशील. सुपरवायझरला कळलं असतं तर टेबलावरनं उठवलीच असती ना तिला. मग शेवटची दोन वर्षं तिचे तुकडे मीच ऐकायचे. माझे झाले की तिचे. ती नुसतीच कानाला लावून बसायची नि मी मान हलवली की ठिपका मारायची. कुण्णाला बोलू नको म्हणालेली, घरी तर अजिबातच नको." मागची बाई ओरडली, "ओ ताई, चला ना पुढे." आम्ही पुढे सरकलो. देवीसमोर मी काय मागितलं ते मला आठवत नाही.

तिसरं यंत्र तेव्हा घरी आलेलं होतं आणि परत जायच्या बेतात होतं. आठ चॅनेल, बोटाने सरकवायच्या पट्ट्या, प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग आणि सगळ्यांचं मिळून एक, दोन्ही एकाच वेळी. हवं तसं सगळं, फक्त डावीकडे खरखर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या सगळ्या वायरी उपटल्या. एकही वाद्य नाही, माईक नाही. रेकॉर्डचं बटण दाबलं आणि दोन मिनिटं काहीच नसलेलं रेकॉर्ड केलं. आवाजाची पातळी दाखवणारा एकही दिवा लागला नाही. कॉम्प्युटरवर घेऊन बघितलं तर सरळ रेष. ताणून मोठी केली, तरी जवळजवळ सरळच. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खरखर चालूच होती. आधी हसूच आलं, कारण दोन चांगली यंत्रं मी त्या बिचाऱ्या दुकानदाराच्या गळ्यात परत मारली होती. मग भीती वाटली. आणि मग तुझ्यावर इतकी चिडले की घरभर फिरत बसले. त्या रविवारी तुला कळलं होतं का गं, खरखर कुठून येतेय ते? कळलं नसेल तर ठीक आहे, मलाही सात महिने कळलं नाही. पण कळलं असेल आणि तरी तू मला तसंच उठून जाऊ दिलंस, तर मी काय करू? मला सांगायचं होतंस. मी कुणाला बोलले नसते. तुझे तुकडे मी ऐकले असते.

यंत्र मी ठेवून घेतलं. निवड झाली एकदाची. नवऱ्याला एवढंच सांगितलं की कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय. त्याने लगेच नौपाड्यातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आज शनिवार, साडेअकरा. सकाळी बाहेर पडताना म्हणाला, "घोडबंदरला जाम असणार, दहालाच रिक्षा पकड." पण तिथे एका बंद खोलीत बसवतील, ऐकू आलं की बटण दाबा म्हणतील, आणि शेवटी कागद देतील. त्या कागदावर हेडफोन लावणं बंद असं लिहिलेलं असलं तर पंधरा दिवसांनी मी त्या हॉलमध्ये काय करायचं? म्हणून निघण्याआधी तुला दोन ओळी लिहाव्या म्हणून बसले. मध्ये तीनदा उठले, चहा केला, गार झाला. ही पानं वॉरंटी कार्डासोबत यंत्राच्या खोक्यात जातील आणि खोकं माळ्यावर. आता सव्वाबारा झालेत. क्लिनिकमधून तीनदा फोन येऊन गेला. संध्याकाळी नवरा विचारेल, तेव्हा फोन आतल्या खोलीत होता, ऐकूच आला नाही, असं सांगेन. आला होता, आई. तिन्ही वेळा.