एका ताण्याचं अंतर

उमरेड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत. फोनवर तू "बरे आहात ना बाबा?" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून कागदावर लिहितोय.

गेल्या गुरुवारी मी मनीषनगरला तुझ्या शोभाआत्याकडे आलो होतो. वाटेत ही गर्दी! बांधकामाच्या आवारात चितळ शिरलंय, वनखात्याची मॅडम भुलीची बंदूक घेऊन आलीय, असं कळलं. वाकून बघतो तर मॅडम म्हणजे तू. मी मागेच राहिलो.

चितळ पत्र्याच्या कुंपणाला चिकटून उभं. तू बरीच दूर, बंदूक खाली. लोकांना कुठला धीर! एक जण ओरडला, "काहून थांबली वं? मार ना!" मी त्याला तिथंच झापलं, "तिले शिकवून नको राहू गा, पोरगी माही आहे!" तू ऐकलं नसशील.

तू वाकून, थांबत थांबत, पाऊण तास पुढे सरकलीस. मग एकच बार, सुई बरोबर मांडीत. चितळ बसलं, तू त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलंस. खोटं कशाला सांगू, परतताना एसटीत चार अनोळखी माणसांना मी हे सांगितलं. कंडक्टरला दोनदा.

एसटीत बसण्याआधी तुझ्या टीममधला कुशल टपरीवर भेटला. म्हणाला, "काका, बंदुकीचा नेम जुळवताना सगळे म्हणून राहिले होते, चाळीस मीटरवर लावा, लांबूनच काम होते. मॅडम ऐकतच नाही. पंचवीस म्हणजे पंचवीस! म्हणे, आमच्या गल्लीतला एक ताणा. मले तर ताणा म्हंजे काय तेच माहीत नाही."

मला माहीत आहे. मागावर विणण्याआधी गल्लीत ताणून पसरलेलं सूत म्हणजे ताणा; त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुला पळवत अंतर मीच शिकवलं. शेतराखणीची रायफल मी तेवढ्यावरच जुळवली होती, भिंतीवर खडूने गोल काढून, नळीच्या टोकावरची नेमाची माशी घासून घासून. एका ताण्यापलीकडे बार टाकायचा नाही, हेही मीच सांगायचो.

आणि तू अकरा वर्षांची असताना मी एका चितळावर चार ताण्यांवरून बार टाकला. ते पिकात नव्हतं. सोबत मित्र होते, मला मिरवायचं होतं. घरी येऊन म्हणालो, हुकला. तिसऱ्या दिवशी तुला ते नाल्यात सापडलं, जिवंत, मागचा पाय मोडलेलं. डब्याच्या झाकणातून तू त्याला पाणी पाजत होतीस. माझ्याकडे वळून पाहिलंस. मी म्हणालो, कोण्या शिकाऱ्याचं काम दिसते. तेव्हापासून आपलं बोलणं कामापुरतं उरलं.

हुकला नव्हता, ऋतुजा. लागलेला मी पाहिला होता. मागे जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही. त्याच महिन्यात रायफल ठाण्यात जमा केली, तेही तू काही बोलशील या भीतीने.

त्या गुरुवारी तुला पुढे पुढे सरकताना पाहून मला तो नाला दिसत होता. ही जवळ जाऊनच बार टाकायची गोष्ट तू माझ्यामुळे शिकलीस, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण माझा शब्द तू टाकून दिला नाहीस. एवढ्याने माझा ऊर भरून आलाय.

होळीला ये. आणि आता तुझा फोन आला की तो मी आईकडे देणार नाही.

त्या चितळाचा पाय मोडणारा आणि तरीही तुझा बाप म्हणून गावात ताठ चालणारा,
बाबा