श्रीमंत गुत्तेदाराचा हौद

लातूर, ४ मार्च २००३

चि. शिवलिंगास सिंधुअक्काचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे सोडले तर सगळे ठीक. तू पत्र लिहीत नाहीस, नांदेडचं पाणी लागलेलं दिसतं.

आता नीट वाच. क्लासच्या मुलींच्या ज्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते, ते एकानं विकत घेतलं. तोंड पाहिलं आणि ओळखलं. श्रीमंत गुत्तेदार! भूकंपानंतर आपलं घर ज्यानं नुसत्या वाळूत उभं केलं, ज्याची भिंत दोन वर्षांत बाबांच्या अंगावर पडली, तोच. मला ओळखलं नाही. अंगणात हौद बांधून लाल मासे पाळलेत, रोज सकाळी स्वतः दाणे टाकतो. हौद गळतो. मी त्याला तुझं नाव मिस्त्री म्हणून सुचवलं आहे, नातं सांगितलेलं नाही. ये, वरवर लिंप आणि जा. पाणी इमारतीच्या पायात मुरू दे, त्याचीही भिंत पडू दे. मला दुसरं काही नको.

येताना जपून ये.
तुझी अक्का

नांदेड, २१ मार्च २००३

ती. अक्कास शिवलिंगचा शि. सा. नमस्कार.

चार दिवस परक्यासारखं जेवू घातलंस, आणि निघताना तोंड फिरवलंस. हौद पक्का केला म्हणून राग, होय ना? पण गळती शोधायला पाण्यात हळद सोडली तेव्हा पिवळी रेघ कोणत्या भिंतीकडे ओढली गेली, ते तू पाहिलंस. त्या भिंतीपलीकडे नऊ पोरी झोपतात, श्रीमंत नाही.

त्याला सोडलेलं मात्र नाही. सिमेंट-वाळूचा माल कालवताना मी त्याला म्हणालो की शेठ, वाळू जास्त झाली की भिंत माणूस खाती. शेवटचा हात घोटला तेव्हा तो जेवायला गेला होता. मी काम उरकलं आणि वर ओली पोती अंथरली. सात दिवस उचलायची नाहीत, असं बजावलं आहे. उचलताना तू तिथे उभी राहा.

राग असला तरी लेकरावर लोभ ठेव.
शिवलिंग

लातूर, ६ एप्रिल २००३

चि. शिवलिंगास अक्काचे आशीर्वाद.

पोती मीच उचलली. तो शेजारी उभा होता. तळात वीत वीत अक्षरं: संगप्पा. खाली आपलं गाव आणि भिंत पडली ती तारीख. वाचून त्यानं विचारलं की हे कोण. मी सांगितलं की माझे वडील, आणि भिंत तुमची. त्यानं छन्नी मागवली. मी म्हटलं की खुशाल फोडा, पण हौद पुन्हा गळून भिंतीत पाणी गेलं तर नऊ पोरींच्या बापांना बोलावून हे नाव मी सांगीन. छन्नी तशीच पडली आहे.

मासे सोडण्याआधी तू सांगितल्यासारखं, सिमेंटचा खार जावा म्हणून, तीनदा पाणी बदललं. इतकं नितळ आहे की अक्षर न् अक्षर दिसतं. तो आता मागच्या दारानं ये-जा करतो. मासे उपाशी राहू लागले, तेव्हा दाणे टाकायचं काम माझ्याकडेच आलं. माझा जीव निवला रे.

काल आईला नेलं होतं. हौदाच्या कठड्यावर बसून तिनं मूठभर दाणे टाकले. म्हणाली की यांनी उभ्या जन्मात मासळीला हात लावला न्हाई, पण सोबत बरी हाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का