पांढरा पाइप

मिडलँड, टेक्सस
९ जानेवारी १९९४

ती. बाबांस,
वेंडलचा सा. न.

पाइप म्हणजे पाइप, हेच ना पुन्हा तुमचं? नाताळात यावरनंच वाजलं, मी एक दिवस आधी गाडी काढली, आणि तुमच्या कार्डावर शेवटची ओळ परत तीच. म्हणून लिहून सांगतो. बोलायला लागलो की तुम्ही मध्येच गॅरेजमध्ये जाता.

तुमच्या फिरत्या घराच्या, त्या ट्रेलरच्या बाजूच्या कप्प्यात बागेचा हिरवा पाइप आहे आणि त्याच्यावर वेटोळं घालून मैल्याच्या टाकीचा. दोघं एका अंथरुणात. तुम्ही म्हणालात, पोरं त्याच हिरव्या पाइपला तोंड लावून मोठी झाली, काही झालं नाही. आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, वेंडलकडे बघून तसं छातीठोक सांगता येणार नाही. हसलो सगळे, पण मुद्दा राहिलाच. मी धडधाकट आहे. आईच्या कॅन्सरच्या औषधांनी तिच्या अंगातली झुंजायची ताकद गेलीय. डॉक्टर म्हणतो, पाणी भरपूर प्यायचं आणि स्वच्छ प्यायचं. आणि मार्चात तिला प्लॅट नदीवर क्रौंच पक्षी बघायला न्यायचं तुम्हीच कबूल केलंय.

मी शाळा नववीत सोडली, पण तीन वर्षं ट्रेलरमध्येच राहतोय. तेलविहिरींच्या कंपन्या चार बदलल्या, पाइप तोच. मुक्कामाच्या नळाचं पाणी ट्रेलरमध्ये घ्यायला पांढरा घ्या, ज्याच्या वेष्टनावर पिण्याच्या पाण्यासाठी असं छापलेलं असतं. बागेच्या पाइपला उन्हात रबराची चव सुटते, आणि त्याच्या पितळी तोंडात शिसं असू शकतं. एकच लांबलचक नको, पंचवीस फुटी दोन घ्या. नळ जवळ असला की एकावर भागतं. निघताना एक टोक उंच धरून पाणी पार निथळवा, मग दोन्ही तोंडं एकमेकांत फिरवून बसवा, म्हणजे आत कोळी घर करत नाही. झाकणाच्या डब्यात एकटा ठेवा. मैल्याची टाकी धुवायला वेगळ्या रंगाचा घ्या आणि तो ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला.

माया असू द्या, राग गॅरेजात ठेवा.

वेंडल

*

प्रॅट, कॅन्सस
६ मार्च

चि. वेंडलला,
आईचे अ. आ.

बाबा लिहिणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी पांढरा पाइप घरात आला. तुझ्या सांगण्यावरून नाही हं, सवलतीत होता म्हणून. त्याला डबासुद्धा मिळाला, माझा पिठाचा.

गेल्या आठवड्यात इथल्या तलावावर तीन रात्रींची तालीम केली. दुसऱ्या सकाळी बाबांनी मैल्याची टाकी रिकामी केली. वेगळा पाइप घ्यायचा तेवढा राहिला होता, म्हणून हाताशी असलेल्या पांढऱ्यानंच ती धुतली आणि तोच परत पिण्याच्या नळाला जोडला. शेजारच्या ट्रेलरमधल्या ऑटिलीबाई बघत होत्या. म्हणाल्या, हार्लन, आज तुमच्याकडे कॉफीला नाही यायची मी. बाबा म्हणाले, आत कुठे घातला, वरनं तर धरला होता.

मी तेव्हापासून त्या पाण्याला शिवले नाही. डब्यातल्या रसावर काढलं. तिसऱ्या संध्याकाळी बाबांना माझा पेला भरलेला दिसला, सकाळी भरला होता तस्साच. उचलून हुंगला आणि पायरीवर जाऊन बसले. मग पाइप उचलून कचऱ्यात टाकला.

घरी आल्यावर ट्रेलरवर पाटी लावलीय: विकणे आहे, एकवीसशे डॉलर. म्हणतात, माझ्याच्यानं व्हायचं नाही, तुला आजारी पाडेन. क्रौंच एप्रिलच्या सुरुवातीला निघून जातात, वेंडल. पुढच्या वर्षीचं मी कुणाला विचारू? तू त्यांना लिही. पण एवढं कर, या वेळी जिंकू नकोस.

जेवत जा, आणि ही नोकरी तरी उन्हाळ्यापर्यंत टिकव.

आई

*

मिडलँड
१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. हसलो नाही आणि रागावलोही नाही. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं, तसंच, वरनं धरून. तीन दिवस आडवा होतो. मुकादमाला सांगितलं की हॉटेलातलं जेवण बाधलं. ते बिचारं हॉटेल अजून बदनाम आहे. एवढे नियम मला कुठल्या शाळेत शिकवले असतील असं वाटलं तुम्हाला?

आता व्यवहाराचं. ट्रेलर विकताय असं कळलं. मी घेतो. एकवीसशे मान्य, घासाघीस नाही. पण जूनपर्यंत मला न्यायला येता येत नाही, आणि उभ्या गाडीचे टायर बसतात. तेव्हा या महिन्यात तुम्ही तो प्लॅट नदीपर्यंत फिरवून आणायचा. आईला सोबत घ्या, माल कसा चालतो ते ती मला कळवेल. आणि माझ्या ट्रेलरमध्ये माझे नियम: दोन पांढरे, मैल्याच्या टाकीला एक नारिंगी, दोन वेगळे डबे, आणि आईचा पिठाचा डबा तिला परत. निघायच्या आधी आतल्या सगळ्या नळांतनं ब्लीचचं पाणी खेळवून एक रात्र राहू द्या, मग वास जाईपर्यंत धुवा. पाटी काढून उलटी करा, तिच्यावर ‘पिण्याचं’ लिहा आणि पांढऱ्याच्या डब्यावर ठोका. अक्षर तुमचंच बरं आहे.

नोकरी टिकवतोय असं आईला सांगा. ट्रेलरचे हप्ते आहेत आता डोक्यावर.

पाइप या विसारातनंच घ्या, आणि पक्षी उडायच्या आत निघा. लोभ आहेच, तो निथळू देऊ नका.

तुमचा,
वेंडल

विसारापोटी सोबत: एकशे दहा डॉलर